सीडीसीच्या (महाविद्यालय विकास समितीच्या) मीटिंगमध्ये स्टाफचा विषय ठरावापर्यंत कसा न्यायचा: शिक्षक प्रतिनिधींसाठी पायरीवार

दरवर्षी दिवाळीच्या आसपास दोन-तीन तरी फोन येतातच. "सर, सीडीसीत विषय काढला होता, सगळे हो हो म्हणाले, चेअरमनसाहेब तर स्वतः म्हणाले करून टाकू, आता सहा महिने झाले, काहीच नाही." मी एकच विचारतो, मिनिट्समध्ये काय लिहिलंय? मग पलीकडून, "ते काही बघितलं नाही हो."

तर हे एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी दोन टर्म स्टाफचा प्रतिनिधी होतो, एक जुन्या कायद्यातल्या एलएमसीत (स्थानिक व्यवस्थापन समितीत) आणि एक आत्ताच्या सीडीसीत, आणि पहिल्या टर्ममध्ये जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या सगळ्या करून झाल्यात. खाली लिहिलंय ते विद्यापीठाशी संलग्न, संस्थेने चालवलेल्या कॉलेजांसाठी आहे, म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ज्यांना लागू आहे त्यांच्यासाठी. सरकारी कॉलेजात समितीची रचना वेगळी असते, ऑटोनॉमसमध्ये गव्हर्निंग बॉडीचं प्रकरण वर आणखी असतं, आणि खासगी किंवा अभिमत विद्यापीठात असाल तर हा कायदाच तुम्हाला नाही, तिथले नियम वेगळे काढून बघा.

## पायरी १: आधी कलम ९७ वाचा आणि समिती मोजा

हसू नका. निवडून आलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी हे कलम उघडून बघितलेलं नसतं. कायद्यात महाविद्यालय विकास समिती म्हणजे सीडीसी अशी बनते: संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांनी नेमलेला माणूस, संस्थेचे सेक्रेटरी किंवा त्यांचा माणूस, प्राचार्यांनी नेमलेला एक विभागप्रमुख, पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडलेले तीन शिक्षक आणि त्यात किमान एक महिला, नॉन-टीचिंगमधून निवडलेला एक, शिक्षण-उद्योग-संशोधन-समाजसेवा यातले चार स्थानिक लोक ज्यात एक तरी माजी विद्यार्थी, आयक्यूएसीचे (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे) कोऑर्डिनेटर, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव, आणि प्राचार्य स्वतः सदस्य-सचिव. झाले पंधरा.

आता बोटं मोजणारे लगेच मोजतात की तीन आपले, विभागप्रमुख आपलेच, आयक्यूएसीवाले आपलेच, नॉन-टीचिंगचा एक, दोन पोरं, झाले की आठ! मी पण मोजलं होतं. पण विभागप्रमुखाला प्राचार्यांनी नेमलेलं असतं, आयक्यूएसीवाल्याला नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) फाइल प्राचार्यांच्याच सहीने पुढं न्यायची असते, पोरं गप्प बसतात किंवा परिषदच झालेली नसते. आणि मुख्य म्हणजे ही समिती बहुतेक गोष्टींत शिफारस करते, पैसे सोडायचा निर्णय संस्थेच्या मॅनेजमेंटचाच. त्यामुळं मतं जिंकून इथं फार काही हाती लागत नाही. हाती लागतो तो स्पष्ट शब्दांत लिहिलेला ठराव. प्राचार्य तो घेऊन मॅनेजमेंटकडं जाऊ शकतात आणि पुढच्या मीटिंगला तुम्ही त्याच्यावर बोट ठेवून विचारू शकता, "याचं काय झालं?"

कलमातली कामांची यादी पण नीट वाचा. वार्षिक कॅलेंडर, नवीन कोर्स आणि जादा पदांची शिफारस, सेल्फ-फायनान्स कोर्सचा आढावा, कॉलेजचं बजेट तयार करणं, विद्यार्थी आणि कर्मचारी कल्याणाच्या शिफारशी, सुरक्षितता, तपासणी आणि ऑडिटचे रिपोर्ट, हे सगळं तिथं शब्दात आहे. तुमचा विषय यातल्या कुठल्या कामात बसतो ते शोधून ठेवा, पुढं टिपणात लागणार आहे.

तपासा: तुमची स्वतःची निवड कागदावर आहे का? निवडणुकीची नोटीस, मतदारांची यादी, निकालाची नोंद. अनेक ठिकाणी स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्य तीन नावं वाचतात, सगळे टाळ्या वाजवतात आणि झाली निवड. बिनविरोध व्हायला हरकत नाही, पण नोटीस आणि नोंद पाहिजे. नाहीतर तुम्ही अवघड विषय काढलात की कोणीतरी म्हणतं, "यांना निवडलंय कोणी?"

आणखी एक. मतदार फक्त पूर्णवेळ शिक्षक आहेत. सीएचबीवाल्यांना (तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना) मत नाही, आणि कॉलेजचे निम्मे तास तेच घेत असतात. म्हणजे त्यांचं गाऱ्हाणं तिथं घेऊन जाणारं दुसरं कोणी नाहीच, ते काम तुमचं.

## पायरी २: विषय या समितीचा आहे का, ते ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. ज्याला जो त्रास असेल तो तो सीडीसीत आणायला बघतो.

एकट्या माणसाचं प्रकरण, म्हणजे कोणाचं कॅस (पदोन्नती) अडलंय, कोणाची रजा नामंजूर, कोणाची सेवाज्येष्ठता चुकली, हे सीडीसीत काढू नका. त्यासाठी विद्यापीठात कलम ७९ ची तक्रार निवारण समिती आहे, आणि पगार-मान्यतेच्या अडचणीला सहसंचालक, उच्च शिक्षण यांचं ऑफिस. सीडीसीत पंधरा माणसांपुढं एकाच्या सर्व्हिस बुकावर चर्चा झाली की त्या माणसाचीच शोभा होते, काम होत नाही.

लैंगिक छळाची तक्रार असेल तर ती अंतर्गत समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांत, आणि गोपनीय. ती सीडीसीत तोंडी उल्लेखानं सुद्धा येऊ देऊ नका.

सावध: कोणाला कामावरून काढलं, पदावनती केली, सेवा संपवली, असा आदेश हातात पडला असेल तर सीडीसीच्या पुढच्या मीटिंगची वाट बघत बसू नका. त्यासाठी विद्यापीठ आणि महाविद्यालय न्यायाधिकरण आहे आणि कलम ८१ खाली अपील करायला आदेश मिळाल्यापासून ३० दिवस मिळतात. "आपण आधी साहेबांशी बोलून बघू" म्हणत पंचवीस दिवस घालवलेले लोक मी बघितलेत. बोला की, पण त्याच आठवड्यात वकिलाला किंवा प्राध्यापक संघटनेच्या माणसाला कागद दाखवून ठेवा. सुटा, नुटा, बुक्टू, तुमच्या विद्यापीठात जी असेल ती.

सीडीसीत आणायचा तो सगळ्यांचा, धोरणाचा आणि कॉलेज पातळीवर सुटू शकणारा विषय. वर्कलोड, टाइमटेबल, सीएचबीच्या नेमणुका उशिरा होणं, स्टाफरूम, लेडीज टॉयलेट, लायब्ररीचं बजेट, सेल्फ-फायनान्सवाल्यांचे पगार वेळेवर होणं, असे.

## पायरी ३: पैसे कोणाच्या खिशातले, ते आधी बघा

विषय चांगला असतो पण मागणी चुकीच्या माणसाकडं केलेली असते. चार खिसे असतात. मंजूर पदांचा पगार शासनाचा, इमारत-फर्निचर-साफसफाई संस्थेचं, परीक्षेच्या कामाचं मानधन बहुतांशी विद्यापीठाचं, आणि सेल्फ-फायनान्स कोर्सचा सगळा कारभार पोरांच्या फीवर.

"रिक्त पदं भरा" असा ठराव मॅनेजमेंटकडून मागितला तर चेअरमन हसून म्हणणार, शासनाची परवानगी आणा. त्यांचं बरोबरच आहे. पण "रिक्त पदांचा आणि वर्कलोडचा प्रस्ताव अमुक तारखेपर्यंत सहसंचालक ऑफिसला पाठवावा आणि त्याची पोच समितीपुढं ठेवावी", याला पैसे लागत नाहीत आणि नाही म्हणायला कारणही उरत नाही. शासनाच्या खिशातलं असेल तर प्रस्ताव मागा, संस्थेच्या खिशातलं असेल तर बजेटमधला हेड आणि आकडा मागा.

आणि आकडा मागायचा तर वेळ बघा. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, बजेट फेब्रुवारी-मार्चच्या मीटिंगला येतं. खर्चाचा विषय जुलैत काढला की ठरलेलं उत्तर, "यंदा तरतूद नाही." डिसेंबरात कोटेशन हातात पाहिजे आणि जानेवारीत टिपण ऑफिसला इनवर्ड (आवक नोंद) झालेलं पाहिजे. मध्येच अडचण आली तर बजेटबाहेरच्या नव्या खर्चाचे प्रस्ताव तयार करणं हेसुद्धा सीडीसीच्याच कामात आहे, पण तो रस्ता छपरातून पाणी गळायला लागल्यासारख्या गोष्टींसाठी ठेवा.

## पायरी ४: माहिती गोळा करा, भावना नंतर

"आमच्यावर खूप लोड आहे" हे वाक्य मीटिंगमध्ये कोणी बोललं की सेक्रेटरी लोक मनातल्या मनात उन्हाळी सुट्टी मोजायला लागतात. आकडे घेऊन जा.

यूजीसीच्या २०१८ च्या रेग्युलेशनमध्ये आणि आपल्या शासनाच्या ८ मार्च २०१९ च्या निर्णयात हे आकडे आहेत: आठवड्याला ४० तासांचा वर्कलोड, वर्षात ३० आठवडे म्हणजे १८० अध्यापन दिवस, त्यात प्रत्यक्ष शिकवण्याचे असिस्टंट प्रोफेसरला १६ तास, असोसिएट आणि प्रोफेसरला १४ तास, आणि कॉलेजात रोज किमान ५ तास हजर. हे दोन्ही कागद प्रिंट काढून त्या त्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारून फाइलला लावा. मोबाईलवर आलेला फॉरवर्ड मेसेज नको.

मग विभागवार एक तक्ता करा. समजा एका विभागाला टाइमटेबलप्रमाणे आठवड्याला ५४ तास बसतात. पूर्णवेळ माणसं दोन, एक असिस्टंट १६, एक असोसिएट १४, झाले ३०. उरले २४ तास. म्हणजे दीड माणसाचं काम मोकळं पडलंय. प्रत्यक्षात काय चालतं? सीएचबीची माणसं येईपर्यंत ते दोघंच वर्ग सांभाळतात, दोन वर्ग एकत्र बसवतात आणि बाकीचे तास कॅटलॉगवर (हजेरीपटावर) भरले जातात. एनईपी (नवं शैक्षणिक धोरण) आल्यापासून मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह करत टाइमटेबल इतकं चिरफळ्या झालंय की हा तक्ता मागच्या वर्षीचा चालतच नाही, दर सत्राला नवा करावा लागतो.

तक्त्यात पाच रकाने पुरेत: विभाग, टाइमटेबलचे तास, मंजूर पदं, भरलेली पदं, उरलेले तास. सहावा रकाना मी स्वतः घालतो, सीएचबीचा पहिला तास कोणत्या तारखेला झाला. सत्र जूनमध्ये सुरू आणि पहिला तास सप्टेंबरमध्ये, हे एका ओळीत दिसलं की भाषण करावं लागत नाही.

तपासा: प्रॅक्टिकलचे तास तुम्ही जसे धरलेत तसेच ऑफिसच्या वर्कलोडच्या फॉर्ममध्ये धरलेत का? हेडक्लार्ककडून तो फॉर्म बघून घ्या. तुमचा आकडा आणि ऑफिसचा आकडा मीटिंगमध्ये वेगळा निघाला तर पुढचा अर्धा तास कोणाचं बरोबर यातच जातो आणि विषय "माहिती घेऊन पुढील सभेत" असा ढकलला जातो.

सावध: सीएचबी आणि विनाअनुदानित लोकांची माहिती घेताना नावं लिहू नका. त्यांची ऑर्डर दर सत्राला नव्याने निघते, आणि कोणी तक्रार केली याची चौकशी आधी होते, तक्रारीची नंतर. "या विभागात चार अध्यापक" एवढं पुरतं.

## पायरी ५: एका विषयाचं एक पान

आठ मागण्यांचं एकच पत्र ही आपली राष्ट्रीय सवय आहे. त्यातली सगळ्यात सोपी मागणी मान्य होते, बहुतेक वेळा वॉटर कूलर, आणि मिनिट्समध्ये येतं की शिक्षकांच्या मागण्यांवर सकारात्मक निर्णय घेण्यात आला. झालं, वर्षभर सात मागण्या गेल्या.

एका मीटिंगला जास्तीत जास्त दोन विषय, प्रत्येकाचं वेगळं पान, तिघाही प्रतिनिधींच्या सह्या. पानावर चारच गोष्टी. माझा एक नमुना देतो, बदलून वापरा:

विषय: तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या नेमणुका सत्रारंभी होण्याबाबत.

वस्तुस्थिती: अमुक विभागात आठवड्याला ५४ तासिका असून पूर्णवेळ अध्यापकांच्या विहित कार्यभारानंतर २४ तासिका शिल्लक राहतात. गेल्या दोन वर्षांत या तासिका सत्र सुरू झाल्यानंतर साधारण किती आठवड्यांनी सुरू झाल्या त्याचा तक्ता सोबत जोडला आहे.

आधार: अधिनियमाच्या कलम ९७ मधील अध्यापन कार्यक्रम ठरवण्याचे आणि जादा पदांबाबत शिफारस करण्याचे समितीचे कार्य, तसेच कार्यभाराबाबतचा दि. ८ मार्च २०१९ चा शासन निर्णय.

प्रस्तावित ठराव: असे ठरले की, पुढील वर्षाचा विभागवार कार्यभार प्राचार्यांनी ३१ मार्चपर्यंत अंतिम करावा, तासिका तत्त्वावरील नेमणुकांच्या परवानगीचा प्रस्ताव १५ एप्रिलपर्यंत संबंधित कार्यालयाकडे पाठवावा आणि पोच पुढील सभेत ठेवावी.

शेवटचा भाग लोक लिहितच नाहीत. ठरावाची भाषा तुम्ही दिली नाही तर ती ऑफिस लिहितं, आणि ऑफिसचं एक आवडतं वाक्य आहे त्याबद्दल पायरी ८ मध्ये बोलू. प्रत्येक ठरावात कोणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत, या तिन्ही गोष्टी आहेत का बघा. "शक्य तितक्या लवकर" ही तारीख नाही.

## पायरी ६: अजेंड्यावर विषय आणा

सदस्य-सचिव प्राचार्य आहेत, अजेंडा तेच काढतात. म्हणून पत्र त्यांच्याच नावे, "मा. प्राचार्य तथा सदस्य-सचिव, महाविद्यालय विकास समिती". थेट चेअरमनच्या घरी जाऊन कागद देऊ नका, मी दिला होता पहिल्या टर्ममध्ये, काम तर झालं नाहीच आणि प्राचार्य पुढं वर्षभर माझ्याशी फक्त परिपत्रकातून बोलले.

पत्र ऑफिसमध्ये द्या, इनवर्ड नंबर घ्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. ओळखीच्या क्लार्कला हे मागायला संकोच वाटतो, "काय सर, विश्वास नाही का?" असं तो म्हणतोच, हसायचं आणि शिक्का घ्यायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर प्राचार्यांना पीडीएफ पाठवला आणि निळी टिक आली, याला पोच म्हणत नाहीत. ईमेल चालेल, पण कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावर, आणि कागद तरीही द्याच.

कधी द्यायचं? कायद्याने वर्षात किमान चार मीटिंग व्हायला पाहिजेत, पण नोटीस निघाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. पत्र आधीच देऊन ठेवायचं, "पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावे" म्हणून.

सावध: "ऐनवेळचे विषय" या सापळ्यात जाऊ नका. प्राचार्य म्हणतील, अजेंड्यावर कशाला, अध्यक्षांच्या परवानगीने शेवटी घेऊ. तोवर चहा आलेला असतो, बाहेरच्या सदस्यांची गाडी लागलेली असते, आणि कोणाच्याच हातात कागद नसतो. अजेंडा आला आणि त्यात तुमचा विषय नाही असं दिसलं तर त्याच दिवशी दोन ओळींचं पत्र द्या: अमुक इनवर्ड नंबरने दिलेला विषय समाविष्ट झालेला नाही, कृपया पुरवणी विषयपत्रिका काढावी.

## पायरी ७: मीटिंगच्या आधीचा आठवडा आणि मीटिंग

प्राचार्यांना भेटा. खरंच भेटा. त्यांना मॅनेजमेंटसमोर अचानक तोंडावर पाडलं तर ते स्वतःला वाचवणार, मग विषय कितीही खरा असो. त्यांना तक्ता आधी दाखवा, आकड्यात चूक असेल तर तिथंच सुधारा. वर्कलोडचा विषय त्यांच्याही सोयीचा असतो, नॅकच्या सहाव्या निकषात कारभार आणि व्यवस्थापनाचाच हिशोब द्यावा लागतो, ते तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

मग नॉन-टीचिंगच्या प्रतिनिधीला भेटा. आपले प्राध्यापक इथं फार चुकतात, त्यांना विचारतच नाहीत, आणि मग स्टाफरूमच्या एसीचा विषय आला की तो माणूस बरोबर विचारतो, ऑफिसात पंखा कधी दुरुस्त होणार? आधी बोललात तर विषय दोघांचा होतो. स्थानिक सदस्यांपैकी एखादा रिटायर्ड शिक्षक किंवा माजी विद्यार्थी असतो, त्याला एक पान आधी पोचवा. बाहेरच्या माणसानं विचारलेला एक प्रश्न आपल्या दहा मिनिटांच्या भाषणाला भारी पडतो.

मीटिंगमध्ये तिघांपैकी एकानंच विषय मांडायचा, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं, तिसऱ्यानं लिहून घ्यायचं. कोण काय बोललं, किती वाजता, शेवटी काय ठरलं. जो बोलतोय त्याला लिहिता येत नाही, एवढं साधं कारण.

मांडायला तीन-चार मिनिटं. पान सगळ्यांच्या हातात द्या, तक्त्यावरचा एक आकडा वाचा, प्रस्तावित ठराव वाचा, थांबा. चर्चा दुसरीकडं गेली, कोणी म्हणालं की पूर्वी प्राध्यापक सायकलवर यायचे आणि आठ-आठ तास घ्यायचे, तर वाद घालू नका, "हो साहेब, ठराव हा असा घ्यायचा का?" एवढंच परत विचारा. विषय संपताना मोठ्यानं विचारायचं, "सर, मग ठराव काय लिहायचा?" हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारला की कोणाला तरी वाक्य बोलावंच लागतं, आणि ते वाक्य तुमच्या तिसऱ्या माणसानं शब्दशः लिहायचं.

ठराव विरोधात गेला तर भांडू नका, उठून जाऊ नका. "आमची असहमती कारणासह नोंदवावी" असं सांगा आणि कारण दोन ओळीत लिहूनच सदस्य-सचिवांकडे द्या.

तपासा: सही कशावर करताय? मीटिंगच्या सुरुवातीला फिरतं ते हजेरीचं पान. कोऱ्या पानावर, ज्याच्या वर नंतर मिनिट्स लिहिली जातील अशा जागी, सही करू नका. पानाच्या डोक्यावर तारीख, वेळ आणि "उपस्थिती" लिहिलेलं असेल तरच.

## पायरी ८: मिनिट्स

मीटिंगपेक्षा जास्त जीव इथं लावा.

पहिल्या टर्ममधलीच गोष्ट. लेडीज स्टाफच्या टॉयलेटला आतून कडी नव्हती. एक मॅडम आत असल्या की दुसरीनं बाहेर उभं राहायचं, असं दोन वर्षं चाललेलं. मी विषय काढला, सगळे गंभीर झाले, अध्यक्ष म्हणाले ही लाजिरवाणी गोष्ट आहे, उद्याच करा. मी खूश. चार महिन्यांनी पुढची मीटिंग आली, मिनिट्स वाचायला घेतली, त्यात होतं: "कर्मचाऱ्यांच्या सोयीसुविधांबाबत सविस्तर चर्चा झाली." कडी नाही, टॉयलेट नाही, उद्या नाही. अध्यक्षांना आठवतही नव्हतं. त्या मीटिंगला मी ठराव सांगून लिहून घेतला, स्वच्छतागृहाच्या दाराला कडी बसवणे, जबाबदारी ऑफिस सुपरिंटेंडेंट, मुदत आठ दिवस. सहाव्या दिवशी सुतार आला.

"सविस्तर चर्चा झाली" हेच ते ऑफिसचं आवडतं वाक्य. त्याचे भाऊबंद पण ओळखून ठेवा: "सूचनेची नोंद घेण्यात आली", "सकारात्मक विचार करण्याचे ठरले", "योग्य ती कार्यवाही करावी". यातलं काही तुमच्या विषयापुढं दिसलं तर ठराव झालेला नाही असंच समजा.

आता क्रम:

१. मीटिंगनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिघांनी आपली नोंद एका पानावर करून प्राचार्यांना द्या, "आमच्या नोंदीप्रमाणे असे ठरले, कार्यवृत्तात घ्यावे ही विनंती". मिनिट्स लिहिली जाण्याच्या आधी. ही वेळ गेली की मग सगळं दुरुस्तीत जातं, आणि दुरुस्ती कोणालाच आवडत नाही.

२. मिनिट्सची प्रत लेखी मागा. आठ-दहा दिवसात नाही आली तर परत एक ओळ लिहा.

३. प्रत आली की तुमच्या विषयाचा शब्द न शब्द जुळवा. फरक असेल तर पुढच्या मीटिंगच्या आधी दुरुस्तीचं पत्र, इनवर्ड करून.

४. पुढच्या मीटिंगचा पहिला विषय नेहमी असतो, मागील सभेचे कार्यवृत्त वाचून कायम करणे. आपण तेव्हा बिस्किट खात असतो. दुरुस्ती करायची जागा तीच, एकदा "कायम" झालं की झालं. तिथं हात वर करा.

५. दुसरा विषय "मागील ठरावांवरील कार्यवाहीचा अहवाल" हा कायमचा अजेंड्यावर असावा, असा एक ठराव टर्मच्या पहिल्याच मीटिंगला करून घ्या. याला कोणी विरोध करत नाही, आणि पुढची पाच वर्षं तो तुमच्यासाठी काम करतो.

काही ठिकाणी मिनिट्सचं रजिस्टर वर्षभर कोरं असतं आणि नॅक किंवा विद्यापीठाची कमिटी यायची म्हटलं की एका आठवड्यात चार मीटिंगा एकाच पेनानं, एकाच अक्षरात लिहिल्या जातात. तुमच्यापुढं असं रजिस्टर सहीला आलं तर न झालेल्या मीटिंगवर सही करू नका. गोड बोलून, "सर, मी त्या दिवशी रजेवर होतो, रेकॉर्ड बघून सांगतो" म्हणून का होईना, पण टाळा. सही केलीत की पुढं मीटिंग होत नाही अशी तक्रार करायचं तोंड राहत नाही.

## पायरी ९: मीटिंगच होत नसेल किंवा ठराव पडून राहिला तर

आधी प्राचार्यांना पत्र, कलम ९७ प्रमाणे वर्षात किमान चार सभा, शेवटची सभा अमुक तारखेला झाली, पुढची बोलवावी. साधी भाषा, धमकी नको. महिनाभर वाट बघा, मग स्मरणपत्र, त्यात आधीच्या पत्राचा इनवर्ड नंबर. तरीही नाही तर विद्यापीठाच्या कुलसचिवांना, प्राचार्यांमार्फत, आणि आगाऊ प्रत थेट. हा क्रम मोडून आधीच विद्यापीठात गेलात तर तिथून पहिला प्रश्न येतो, कॉलेजला लिहिलं होतं का?

कागद मिळत नसतील तर माहितीचा अधिकार आहे, अनुदानित कॉलेजला तो लागू आहे. अर्ज कॉलेजच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, फी १० रुपये, उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, हे विसरून लोक चार पानी अर्ज करतात आणि तो परत येतो. "सीडीसीच्या अमुक ते अमुक तारखेदरम्यानच्या सभांची नोटीस, विषयपत्रिका, उपस्थितीपत्रक आणि कार्यवृत्त यांच्या साक्षांकित प्रती" एवढंच लिहा. "का झालं नाही" असं विचारू नका, अधिकाऱ्याने कागदावर असलेलं द्यायचं असतं, कारणं नाही. उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. पण एक सांगतो, प्रतिनिधी असताना स्वतःच्याच समितीचे कागद आरटीआयने मागितले की संबंध बिघडतात ते बिघडतात, त्यामुळं हे शेवटचं, आणि आधीच्या तीन पत्रांच्या पोचा हातात असतील तरच.

## पायरी १०: जूनअखेरचा रिपोर्ट आणि फाइल

समितीने ३० जूनला संपणाऱ्या वर्षाचा कामाचा अहवाल तयार करून मॅनेजमेंटला आणि विद्यापीठाला द्यायचा असतो. हा बहुतेक ठिकाणी ऑफिस एकटंच लिहितं, किंवा लिहितच नाही. मे महिन्यात प्राचार्यांना सांगा की शिक्षकांच्या विषयांचा भाग आम्ही लिहून देतो, सुट्टीत कोणालाच हे काम नको असतं, ते हो म्हणतात. त्यात एक तक्ता टाका: ठराव क्रमांक, तारीख, काय ठरलं, काय झालं. न झालेल्या ठरावापुढं "प्रलंबित" एवढाच शब्द. तो कागद विद्यापीठात जातो, आणि प्रलंबित असं लिहिलेलं वर पाठवण्यापेक्षा काम करून टाकलेलं बरं असं बऱ्याच जणांना जूनच्या शेवटच्या आठवड्यात अचानक वाटायला लागतं.

फाइल कॉलेजच्या कपाटात ठेवू नका, एक प्रत स्टाफ सेक्रेटरीकडे आणि एक स्कॅन करून तिघांकडे. टर्म संपली की नव्या तिघांना बसवून पानं उलटून दाखवा, कुठला विषय कुठल्या शब्दावर अडकला ते. मला कोणी दाखवलं नव्हतं. माझ्या आधीच्या प्रतिनिधींनी तोच कडीचा विषय दोनदा काढला होता म्हणे, त्यातल्या एका सरांनी रिटायरमेंटच्या चहाला सांगितलं.